मॉरिसच्या कानाखालून

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधले जुने लोक नवी गाडी घेणाऱ्याला हमखास सांगायचे, "एकदा मॉरिसच्या कानाखालून काढ." नवखा माणूस दचकायचा, कारण कानाखाली काढणं म्हणजे आपल्याकडे भलतंच. पण अर्थ साधा होता. मॉरिस मेस्त्री लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर चालू इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा. "टिकटिक आहे, जा बिनधास्त." नाहीतर "टकटक आहे, चावी इथं ठेव." टिकटिक वरची, इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरची, तिच्यापासून काही धोका नाही. टकटक खालची, बेअरिंगची, आणि ती लागली की इंजिन गेलंच म्हणून समजा. ह्या दोन शब्दांवर मॉरिसचं गॅरेज तीस वर्षं चाललं.

आणि गेली दोन वर्षं त्याला ह्यातलं काहीच धड ऐकू येत नव्हतं.

हे फक्त बर्नाडेटला, त्याच्या बायकोला, माहीत होतं. घरात कुकर शिट्ट्या मारमारून थकायचा आणि हा शेजारी पेपर वाचत बसायचा. "अरे, ऐकू नाय आलं तर 'काय' म्हणून विचार ना! तोंड झिजतं का तुझं?" ती करवादायची. पण मॉरिस कुणालाच "काय?" विचारत नसे. माणसं बोलायची, हा "हां हां" करून मान डोलवायचा. दिवसभर लोकांच्या ओठांकडे बघून अंदाज बांधायचा म्हणजे काय दमणूक असते, ते करणाऱ्यालाच ठाऊक. संध्याकाळी तो घरी यायचा तो पार पिळून निघालेला.

त्या शनिवारी सकाळी रसिका आली. डोंबिवलीच्या उत्तमची मुलगी. उत्तम म्हणजे मॉरिसचा जुना दोस्त, ह्याच इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, आता निवृत्त. पोरीने लालभडक, भन्नाट पळणारी गाडी घेतली होती. इतकी वर्षं नोकरी करून स्वतःच्या हिमतीवर घेतली होती, आणि तरी तिचा चेहरा उतरलेला.

"अंकल, आठशे किलोमीटरच चाललीय. सकाळी चालू केली की आवाज येतो. शोरूमवाले म्हणतात नॉर्मल आहे. गाडीवाल्यांच्या ग्रुपवर कोण म्हणतं पहिलं ऑइल हजारच्या आत बदल, कोण म्हणतं दहा हजारपर्यंत हात लावू नको. डोकं फिरलंय नुसतं! बाबा म्हणाले, अंकलच्या कानाखालून काढ आणि गप झोप."

तिने गाडी चालू केली. मॉरिसने स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. तळहाताला इंजिनाची थरथर लागली. आवाज म्हणाल तर दूर कुठे पंखा फिरावा तेवढाच.

तरीही तो नेहमीचा चेहरा करून उभा राहिला. कपाळाला आठी, ओठ जरा मुडपलेले. दोन वर्षं तो लोकांना हा चेहराच देत होता. "टिकटिक आहे" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. नव्या गाडीत दहातल्या नऊ वेळा तेच असतं, त्याला कान कशाला लागतो? पण त्याला काळुराम आठवला. मागच्याच महिन्यात काळुरामच्या टेम्पोला तो असंच "बिनधास्त जा" म्हणाला आणि टेम्पोचं इंजिन घोडबंदर रोडवर जाम झालं. काळुराम भांडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तुम्ही ऐकलं होतं ना मेस्त्री, मग माझंच नशीब फुटकं." त्या वाक्याने मॉरिसची झोप उडाली होती.

"बंद कर," तो म्हणाला. "ऑइल काढून बघू."

खाली परात ठेवून त्याने गरम ऑइल काढलं आणि बर्नाडेटच्या जुन्या पांढऱ्या परकराच्या तुकड्यातून गाळलं. ही त्याची रीत होती, गॅरेज उघडल्यापासूनची. कापडावर बारीक चमचम उरली. रसिका घाबरली.

"एवढी चमक असतेच, बाय. नवं इंजिन आहे, घासून घासून जागेवर बसतं," तो म्हणाला आणि कापडावरून लोहचुंबक फिरवू लागला. चमचम चुंबकाला चिकटली. पण चार-पाच कण जागचे हलले नाहीत. तांबूस, नखाच्या कपच्यांसारखे. लोखंडाचे नव्हेत ते. बेअरिंगवरच्या तांब्याच्या थराचे असावेत.

असावेत! आता असावेत म्हणून कसं भागणार? ते ऐकल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि ऐकणार कोण?

त्याने नवं ऑइल भरलं, मग स्टूल ओढून बसला. अगदी कंटाळला होता तो. गाड्यांना नव्हे, स्वतःच्या नाटकाला. त्याने स्क्रूड्रायव्हर रसिकाच्या हातात दिला.

"तू ऐक. मला ऐकू नाय येत."

"आज सर्दी वगैरे आहे का?"

"दोन वर्षं झाली."

ती बघतच राहिली. मॉरिसने गाडी चालू केली, टोक कुठे टेकवायचं ते दाखवलं. आधी वर.

"बारीक टिकटिक आहे. घड्याळासारखी."

"ती असू दे. आता खाली लाव."

तिने डोळे मिटले. मॉरिसने एक्सिलरेटर हलकाच दाबला. तिच्या कपाळाला आठी पडली, अगदी त्याच्यासारखी, पण ही खरी होती.

"टक... टक... अंकल, ही वेगळी आहे. जड आहे. तुम्ही दाबलंत तशी वाढली."

मॉरिसने लगेच इंजिन बंद केलं. "टकटक आहे. चालवू नको आता. टो करून शोरूमला ने, हे काढलेलं ऑइल आणि कापड ने, मी लिहून देतो. नवीन आहे तोवर त्यांनाच निस्तरू दे."

रसिकाचे डोळे भरले, पण ती सावरली. तेवढ्यात उत्तमचा फोन आला. तिने स्पीकर लावला आणि मॉरिसकडे बघत म्हणाली, "हो बाबा, टकटक निघाली. अंकलनीच पकडली. त्यांच्या कानातून काही सुटतं का?"

एवढी प्रेमळ थाप मॉरिससाठी आजवर कुणी मारली नव्हती. गप्प बसला असता तर चाललं असतं. त्याने हात पुढे करून फोन घेतला.

"नाय रे उत्तम. पोरीने ऐकलं. माझे कान गेले."

पलीकडे उत्तम काहीतरी बोलला. बरंच बोलला. मॉरिसची मान सवयीने डोलू लागली होती. त्याने ती थांबवली आणि फोन कानाशी घट्ट धरला.

"काय?" त्याने विचारलं. "मोठ्याने बोल रे. काय म्हणालास?"