वाटी किती तिरकी

आईच्या झिजलेल्या खुब्यात नवी कृत्रिम वाटी किती तिरकी बसवायची, हे धुळ्याच्या डॉक्टरांनी मला चहाच्या बशीवर दाखवलं. बशी हातात धरून त्यांनी ती जरा बाहेर कलती केली, जरा पुढे वळवली.

"फार उभी बसली तर मांडीच्या हाडाचा गोळा निसटतो. फार आडवी बसली तर मांडी अडते. मधली जागा एवढीशी."

"ती मोजता कशी?"

"मोजतो कुठे?" ते हसले. "पेशंट कुशीवर, अंगावर चादरी. कंबर किती कलंडलीय ते दिसत नाही. डोळा आणि हात. परदेशात म्हणे आता कॉम्प्युटरवर कोन बघत बघत बसवायला लागलेत. आपल्याकडे यायला वेळ आहे."

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आईचं ऑपरेशन झालं. जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पाय आत दुमडून वाकायचं नाही, असं बजावून त्यांनी तिला घरी सोडलं. माझ्या वडिलांनी, आबांनी, पारोळ्याच्या सुताराकडून तिच्यासाठी उंच खुर्ची करून घेतली. काठी घेऊन ती शेजारच्या गल्लीत जाऊ लागली. बऱ्याच वर्षांनी ती न कण्हता झोपत होती.

आणि आबाच गेले. सकाळी बाजार समितीत कापसाच्या गाडीजवळ उभे होते, तिथेच कोसळले.

आमच्याकडे माणूस गेलं की लोक दारावर येतात. पुरुष बाहेर सतरंजीवर बसतात, बाया आत. आलेली प्रत्येक बाई घरच्या बाईच्या गळ्यात पडून रडते. आई भिंतीशी खुर्चीवर बसली होती. येणारीला तिच्या गळ्यात पडता येईना. बाया तिच्या गुडघ्यांशी घुटमळायच्या आणि कोरड्या डोळ्यांनी बाजूला बसायच्या. तिसऱ्या दिवशी आत्या बोलली, आबांची धाकटी बहीण.

"बठ्ठ्या बाया खाले शेतस, अन् तू खुर्चीवर? आम्हले पाया पडाले बलायं का?"

"अक्का, डॉक्टरनी ना सांगेल शे," आई म्हणाली.

"डॉक्टरना दादला गया का तुना?"

कुणीतरी पदराआड हसलं. आई उठली, काठी भिंतीला टेकवली आणि भिंत धरून हळूहळू खाली बसली. पाय आत दुमडावाच लागला, त्या दाटीत तो लांब करायला जागा नव्हती. आत्याने तिला मिठी मारली आणि मान धरून पुढे ओढली.

मी बाहेर पुरुषांत होतो. आतून आईची किंकाळी आली. तसा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. लगेच सगळ्या बायांनी सूर धरला. माझ्या शेजारचे नाना पंच्याने डोळे पुसत म्हणाले, "आता मोकळी झाली बिचारी. रडू द्या तिला." मलाही तेच वाटलं. आई ओरडतच राहिली आणि तिच्यावर बाया रडतच राहिल्या. पुढच्या बाया आल्या, त्याही तिच्या अंगावर पडल्या. चहा आला तेव्हा सगळ्या उठल्या. आई उठली नाही. तिचा पाय आत वळून पडला होता, बोटं दुसऱ्या पायाकडे.

जीपच्या मागच्या बाकावर आडवी घालून तिला धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी भूल देऊन गोळा परत आत घातला. चार दिवसांत कूस बदलताना तो पुन्हा निसटला. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला.

"वाटी जरा उभीच बसलीय," ते म्हणाले. भिंतीवरच्या तसबिरीबद्दल बोलावं तसं. "खुर्चीवर राहिल्या असत्या तर टिकली असती. पुन्हा उघडून नीट बसवू."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. "मंग मले खाले बठता यी का?"

"नाही. ते आता कधीच नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या."

डॉक्टर चिडले, मी समजावलं, आत्याही म्हणाली, "करी ले वं वहिनी." आईने तोंड भिंतीकडे केलं. गोळा वाटीबाहेरच राहिला आणि पाय आखूड झाला. पुढे घराबाहेर ती गेली ती दुसऱ्यांच्या आधाराने, तीही दवाखान्यात. गावात कुणी वारलं की बाया आमच्या दारावरून घोळक्याने जायच्या. तिला कुणी हाक मारत नसे. आत्या मात्र नातेवाइकांत कौतुकाने सांगायची, "आमनी वहिनी रडनी तशी रडाले पाहिजे. बठ्ठं गाव ऐकत व्हतं."