एकोणीस नंबरचं पाणी

नोव्हेंबर सरत आलेला. समुद्राकडून पाऊस यायचा आणि खाली पडेस्तोवर त्याचा बर्फाळ चिखल व्हायचा. असल्या गारठ्यात हात्सुएताई उंदीरघरात सकाळची वजनं घेत होती. अठरा वर्षं तिचं हेच काम. पिंजरे झाडायचे, पाण्याच्या बाटल्या घासायच्या, उंदीर तोलायचे. मी शेजारच्या खोलीत रक्ताच्या नळ्या लावतो.

एकोणीस नंबरचा उंदीर काट्यावर अंग चोरून पडला. दोनशे अडतीस ग्रॅम. आला तेव्हा तीनशेचा होता. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीनं मंजूर केलेल्या कागदात साफ लिहिलेलं होतं: दोनशे चाळीसच्या खाली गेला, की त्याच दिवशी जादा भूल देऊन यातनांतून कायमचा सोडवायचा.

"दोनशे एक्केचाळीस लिहा, ताई," प्रयोग करणारे तोगाशी डॉक्टर म्हणाले. "दोनच दिवसांचा प्रश्न आहे. तीन ग्रॅम म्हणजे काय, शेपटीचं टोक!"

"मग त्यो तुमच्याच घरी न्या दोन दिस. त्यो कण्हताना तुमास्नी झोप लागती का बघा."

"ताई, माझं वर्षभराचं काम आहे हो."

ताईनं रकाना कोराच ठेवला.

दहाला आम्ही सगळे काळे कपडे घालून इमारतीमागच्या दगडापाशी जमलो. प्रयोगात मेलेल्या जनावरांसाठी तिथं दरसाल फुलं वाहतात. मेलेल्यांच्या तहानेसाठी दगडापुढं ठेवलेली पाण्याची वाटी ताईनंच काठोकाठ भरली होती. संचालकांनी वर्षभरात मेलेल्यांचा आकडा वाचला, "उंदीर, एक हजार तीनशे सहा."

ताईनं माझं कोपर दाबलं. "बाराशे ब्याऐंशी हायेत. चोवीस ज्यादा कुठनं आले?"

तोगाशी खाली बघून पुटपुटले, "माझे चोवीस. प्रयोग कालच संपेल, तेही संपतील, असं वाटलेलं. आकडा आधीच देऊन बसलो."

"जित्या जीवांना फुलं वाहिली व्हय, डॉक्टर?"

सगळे वाकले. मान वर केली तर वाटी कोरडी. आजूबाजूला पाण्याची नुसती झड, आणि वाटीत थेंब नाही.

परत आलो. उंदीरघरात कधी नव्हे ती शांतता. तोगाशींचे चोवीसच्या चोवीस उंदीर आपापल्या पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला, दगडाकडच्या भिंतीला तोंड करून बसलेले. बाटल्या भरलेल्या. सकाळपासून कुणी तोंड लावलं नव्हतं.

"तहान तिकडं भागली त्यांची," ताई हळूच म्हणाली. पेन उचललं आणि रकान्यात लिहिलं: २३८. "आता सही करा, डॉक्टर. न्हायतर मी समितीकडं जाते."

तोगाशींनी पेन घेतलं. सही केली. भूल त्यांनी स्वतःच दिली. एकोणीस नंबर ताईच्या ओंजळीत सैल पडला, आणि खोलीभर टिकटिक सुरू झाली. उरलेले तेवीस उंदीर पाण्याच्या बाटल्यांच्या नळ्या चाटायला लागले होते.

तोगाशी भिंतीला टेकले. ताईनं एकोणीसची बाटली काढली. पाणी मोरीत ओतलं नाही. बाहेर जाऊन त्या वाटीत ओतलं. मग बाह्या वर केल्या, ब्रश घेतला आणि राहिलेल्या बाटल्या घासायला बसली.