दोन दांड्यांचं विमान

"दुरुस्ती निघाली, बाई," असं म्हणून ते पेन्सिल कानामागे खोचत, तेव्हा समजायचं की आजचा दिवसही पुन्हा गिरवण्यात गेला. पुसदच्या आमच्या सरकारी कचेरीत ते कालव्यांचे नकाशे काढणारे, मी ते गिरवणारी. असा एक माणूस तुमच्याही कचेरीत असेल. मी दमून जायची. ते तर दमलेलेच असत, पण सोडत नसत.

त्यांचं खरं वेड घरी होतं; रविवारी मी ते बघायला जायची. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लष्करी वैमानिकांना शिकवण्यासाठी दुहेरी पंखांचं एक विमान घडत गेलं. त्याची हातभर प्रतिकृती ते बांबूच्या कामट्यांतून करत होते. वर मांजरपाट ताणलेला. कापड ताठ राहावं म्हणून मैद्याची खळ लावली, आणि झुरळांनी वरच्या पंखाची चाळणी केली.

"माह्या सवतीसाठी खळ शिजवली, तं पाहुणेच जेवून गेले," त्यांच्या बायको, काकू, विमानाकडे बघत म्हणाल्या.

"बरं झालं. तो पंख तसाही चुकलाच होता," ते म्हणाले आणि मला समजावू लागले. "शिकवणारा समोर बसे, शिकणारा मागं. पंख शिकवणाऱ्याच्या डोक्यावर. हवाई छत्री घेऊन उडी माराची वेळ आली, तं तो बाहेर कसा निघन? म्हणून वरचा पंख पुढं सरकवला. तं तोल गेला. मंग पंखांची टोकं मागं वळवली. इंजिन उलटं बसवलं, तेव्हा कुठं समोरचं नीट दिसलं. एक दुरुस्ती केली का दुसरी निघते."

दोन्ही जागांवर त्यांनी विमान वळवायची एकेक दांडी बसवली होती, आतून जोडलेली. मागची हलवली की पुढची हलायची. "समोरच्याले मागचा दिसत नाही. पोरगं घाबरलं का, हे दांडीच सांगते."

निवृत्तीनंतर त्यांना कंपवात झाला. तोवर पंखांमधल्या तारा ओढायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. एका रविवारी माझ्यासमोर तार तिसऱ्यांदा चिमट्यातून निसटली.

"मी ओढू?"

"कायले? मी मेलो काय?"

मला राग आला होता. त्यांचा नव्हे, त्या हाताचा. तार आणखी एकदा निसटल्यावर त्यांनी चिमटा माझ्याकडे सरकवला. "ओढ. मी बोलत नाही."

दुपारभर मी तारा ओढल्या. शेवटची तिरपी बसली. मला दिसलं, त्यांनाही दिसलं. त्यांचा हात कानामागे गेला आणि तसाच खाली आला.

"झालं," ते म्हणाले.

त्या हिवाळ्यात ते गेले. काकूंनी विमान मला दिलं. कचेरीत आता नकाशे कॉम्प्युटरवर होतात, तिथं मला कोणी काही विचारत नाही. घरी येऊन मी मागची दांडी बोटानं हलवते. पुढच्या रिकाम्या जागेतली दांडी हलते. ती तार अजून तिरपीच आहे. कोणीतरी म्हणावं, दुरुस्ती निघाली, बाई, म्हणून मी जराशी थांबते.