तंबूची उलट बाजू

एकतीस वर्षं तो तंबू शिवत होता, आणि एकाही तंबूत कधी झोपला नव्हता. कारखान्यात त्याला सगळे मास्तर म्हणत. लांबलचक दालनात तिसऱ्या खिडकीखाली त्याचं मशीन. कापडाची सुलट बाजू आत आणि उलट बाजू वर, असाच प्रत्येक तंबू त्याच्या हाताखालून जायचा. तो सुलटा करून घडी घालायचं काम पलीकडच्या दालनातल्या बायकांचं. त्यामुळे शिवणीच्या कडा, दोऱ्यांच्या गाठी, कापडाचा फिका रंग, हाच त्याच्या लेखी तंबूचा चेहरा होता. हे त्याच्या कधी ध्यानात आलं नाही.

बायको गेल्यावर तो एका खोलीत एकटा राहू लागला. मुलगी म्हणायची, आमच्याकडे या. तो विचार करून सांगतो म्हणायचा, आणि अशा सुरात, जणू उपकार तोच करणार होता. जावयाच्या घरात राहायचं म्हणजे मान खाली. जावई औषधांच्या दुकानात कामाला, बोलणं जेवढ्यास तेवढं. मास्तरला तो मिळमिळीत वाटे. शेवटी मुलीनेच तोड काढली. तळ्याकाठच्या सरकारी तळावर दोन दिवस तिघं एका तंबूत राहू. तिथं पटलं तर घरातही पटेल.

तळावर आखलेल्या जागा, प्रत्येकीला आकडा, मधोमध नळ. दुपारच्या उन्हात तळं पत्र्यासारखं चकाकत होतं. जावयाने नवा तंबू पिशवीतून काढला तसा मास्तरने तो त्याच्या हातून घेतला. झटकला, फिरवला, ओळखीची बाजू वर आल्यावर पसरला. काठ्या घालायचे नेफे त्यामुळे आतल्या अंगाला गेले. जावई हळूच म्हणाला की बाबा, हे जरा उलटं वाटतंय.

"जावईबापू, तुम्ही खोकल्याच्या बाटल्या बघा. तंबूचं मला शिकवू नका."

जावई दोरी धरून उभा राहिला. मास्तर आत रांगत शिरला, घामाघूम होऊन एकेक काठी सरकवली. तंबू उभा राहिला. आतले खिसे बाहेर लोंबत होते.

तेवढ्यात तळाचा रखवालदार फेरीवर आला. कमरेवर हात ठेवून त्याने तंबूला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला की याने तर बनियन उलटा घातलाय. नळावर भांडी घासणाऱ्या बायका हसल्या.

"कोणी उभा केला हा?"

मास्तरने मान वळवून पाहिलं आणि त्याला आपली चूक दिसली.

"जावयाने," तो म्हणाला. "मी सांगत होतो, पण ऐकतोय कोण."

जावयाने वर पाहिलं नाही. "हो, चुकलं माझं," म्हणाला आणि खुंट्या उपटायला बसला. मुलगी काकडी सोलत होती. सुरी थांबली, मग पुन्हा चालू लागली.

मास्तर पाण्याच्या कडेने चालत गेला. कारखान्यात बिघडलेला नग ज्याचा त्याच्या माथी असे. आपला नग त्याने कधी दुसऱ्याच्या ढिगात सरकवला नव्हता. हे आठवून कानशिलं जास्तच तापली. तो रखवालदाराच्या खोलीपाशी पोचला. रखवालदार सायकल पुसत होता. मास्तरने सांगितलं की तो तंबू मी लावला होता.

"कुठला तंबू?"

"उलटा."

"बरं मग? ते मला कशाला सांगताय?"

तो परत आला तेव्हा तंबू सुलटा उभा होता, गडद निळा, ताणलेला. आपण शिवलेलं असं दिसतं, हे त्याला या वयात कळत होतं. जावई आतली पानं झाडत होता. मास्तर दारात वाकला.

"मी खोटं बोललो. तुमच्यावर ढकललं."

"ठाऊक आहे की, बाबा. दोरी मीच धरली होती."

गंमत म्हणून म्हटलं असावं. मुलगी हसली नाही. काकडीची ताटली तिने मास्तरच्या पुढ्यात ठेवली आणि पाठ फिरवून पाण्याकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी घडी घालताना कापडाचं एक टोक मास्तरच्या हातात होतं, दुसरं जावयाच्या. जवळ येता येता मास्तरने विचारलं की तुमच्याकडची ती मागची खोली अजून रिकामी आहे का.

"तुमचीच आहे ती," जावई म्हणाला.

मास्तरने खाली बघत कापड त्याच्या हाती दिलं. हा माणूस एकदा तरी टाकून बोलला असता, तर बरं झालं असतं.