नाक्यावरचा वड आणि आमची म्युनिसिपालटी

पानगळीत वडाखाली पाला साठतो ना, तसे म्युनिसिपालटीचे किस्से साठतात. सकाळी झाडून काढावं, तर दुपारी परत ढीग! मी तिथं झाडांवरचा मुकादम होतो. रस्त्याकडेची झाडं जगवायची, हे माझं काम. जगवायची, बरं का! हे किस्से ऐकून लोक पोट धरून हसतात. हसा गड्यांनो, हसा. माझ्या मात्र आजही सांगताना डोक्यात तिडीक जाते.

आमचं गाव सातारा-सांगली रस्त्यावरचं. नाक्यावर एक दांडगा वड होता आणि त्याच्या सावलीत उस्मानचाचा नालबंद बसायचा. बैलाला नाल ठोकायचे तर आधी दोर घालून त्याला भुईवर पाडावं लागतं, चारी पाय बांधावे लागतात. वैशाखात उघड्यावर बैल पाडला तर भाजून निघेल बिचारा. कुठला शेतकरी पाडू देईल? म्हणजे वड होता म्हणून चाचाचा धंदा होता. वड गेला की त्याच्या घरची चूल बंद. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. कळत नव्हतं ते फक्त आमच्या कचेरीला.

*

रस्त्याकडेच्या नव्या रोपांना पखालीनं पाणी घालायचं. पाठीवर पखाल, म्हणजे पाण्यानं भरलेली कातड्याची मोठी पिशवी, टाकलेला रेडा आणि मागं त्याला हाकणारा पखाली. पण फाल्गुन गेला, चैत्र गेला, पाण्याची मंजुरीच येईना! रोपं माना टाकायला लागली. मी ओव्हरसियरसाहेबांच्या मागं लागून लागून थकलो.

मंजुरी आली ती आषाढात. बाहेर धो धो पाऊस, ओढ्याला पूर, आणि आमचा पखाली डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन मेलेल्या रोपांना पाणी घालतोय! रेडासुद्धा थांबून थांबून मागं बघत होता.

मी तावातावानं कचेरीत गेलो. म्हटलं, "साहेब, अहो, पाऊस पडतोय!"

साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मुकादम, पावसाचं पाणी आपल्या खात्याचं नाही!"

*

शेरडांनी रोपं खाऊ नयेत म्हणून आम्ही भोवती बाभळीचे काटे रोवायचो. दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस, जळण मिळायची मारामार. आज रोवलेलं कुंपण उद्या गायब! मी अध्यक्षांकडं तक्रार केली. अध्यक्ष म्हणजे आबासाहेब, गावातले मोठे बागाईतदार. "कोण हरामखोर आहे, बघतोच मी!" असं टेबलावर हात आपटून म्हणाले. मला लय बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कामासाठी त्यांच्या घरी गेलो. परसात अंघोळीचं पाणी तापत होतं आणि हंड्याखाली आमचेच काटे तडतडत होते. आमचेच! ओळखू यावेत म्हणून काट्यांच्या बुंध्याला चुन्याचा पट्टा मी माझ्या हातानं ओढलेला.

मी काट्यांकडं बघतोय, हे आबासाहेबांनी बघितलं. म्हणाले, "जप्त केलेत!"

*

वटपौर्णिमेला बायका वडाला सूत गुंडाळायला नाक्यावर यायच्या, त्याचं काही नाही. पण मोठ्या घरच्या बायका चिखलात कशाला येतील? त्यांना वडाची फांदी घरपोच लागायची. आमचेच शिपाई कोयते घेऊन झाडावर चढायचे. एका वर्षी तर एकेक डहाळी नेता नेता झाडाची रयाच गेली.

मी बोंबललो. "अरे, नवऱ्यासाठी सात जन्म मागायचे आणि झाडाचा हा एकच जन्म, तोही धड जगू द्यायचा नाही?"

शिपाई वरनं म्हणाला, "मुकादम, ओरडू नगा. ही फांदी तुमच्याच घरची हाय. वैनीनी सांगितलीया."

त्या दिवशी घरी जे भांडण झालं, ते शेजारच्या गल्लीनं ऐकलं.

*

पेट्रोल मिळेना तेव्हा आमच्याकडच्या सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मोटारीच्या ढुंगणाला ही भलीमोठी भट्टी! चढ आला की प्याशिंजर उतरून ढकलणार. त्या भट्ट्यांना कोळसा हवा, म्हणून गावची 'फक्त वाळलेली लाकडं' तोडायचा ठेका एका कंत्राटदाराला दिला.

मी नाक्यावर जाऊन बघतो तर वडाची रस्त्याकडची हिरवीगार फांदी खाली आलेली! चीक गळत होता. चाचा शेजारी हातोडा धरून नुसता उभा होता.

माझं टाळकं सरकलं. "ही वाळलेली फांदी आहे का रं?"

कंत्राटदार शांतपणे म्हणाला, "आज न्हाई. आता तोडलीया, वाळंल की!"

*

स्वातंत्र्य आलं. आम्ही साखर वाटली. मला वाटलं, आता तरी आपली माणसं आपल्या झाडांकडं बघतील. बघितलं! मुंबईहून मंत्री वृक्षारोपणाला यायचे ठरले. वृक्षारोपणाचा आमचा खड्डा कायमचाच होता. कुणीही पाहुणा आला की त्याच खड्ड्यात रोप लावायचा. मागचं रोप मेलेलं असायचंच. मी एकदा खड्डा बुजवायला निघालो, तर ओव्हरसियर धावत आले, "राहू द्या, राहू द्या, पुढच्या पाहुण्याला लागंल!"

तर मंत्र्यांसाठी नाक्यावर कमान उभारायची होती. वडाच्या उरलेल्या फांद्या आड येत होत्या, म्हणून रस्त्याकडची सगळी बाजू छाटली. एका अंगाला भार राहिला आणि झाड कललं. मग तेच ओव्हरसियर म्हणाले, "झाड धोकादायक आहे."

मी आबासाहेबांना हात जोडले. "कलत्या बाजूला टेकू देऊ. पारंब्या जमिनीत उतरवू, वर्षा-दोन वर्षांत त्याच खांब होतील. चाचाच्या पोटावर पाय देऊ नका."

आबासाहेब म्हणाले, "मुकादम, तुम्ही झाडाच्या बाजूचे की म्युनिसिपालटीच्या?"

म्हटलं, "झाडाच्या! त्याचाच पगार खातो मी!"

झाड पाडलंच. माझी बदली तिथंच समोरच्या जकात नाक्यावर झाली. मंत्री आले, त्याच खड्ड्यात रोप लावून गेले. वड पाडला त्या दिवशी मला जो संताप आला, तो अजून उतरलेला नाही. उतरूही नये.

*

पुढच्या वैशाखात नाक्यावर नुसतं ऊन. चाचा पेटी घेऊन बसायचा, पण शेतकरी बैल घेऊन यायचे, भुईला हात लावून बघायचे आणि परत जायचे.

एक दिवस आबासाहेबांचा गडी मारुती त्यांचीच खिलारी जोडी घेऊन आला. एक बैल लंगडत होता. मारुती म्हणाला, "चाचा, मालकानी आजच नाल ठोकायला सांगितल्यात. पन उन्हात पाडायचा न्हाई, सावलीतच पाडायचा, आसं बजावलंय. जनावर लय म्हागाचं हाय."

चाचा उठला. पेटी उचलली आणि चालू लागला. मागनं मारुती, मागनं बैल, आणि मी जकात नाका सोडून त्यांच्या मागं!

चाचा थेट म्युनिसिपालटीच्या कचेरीत शिरला. पोर्चमध्ये झकास सावली होती. आत कमिटीची मीटिंग चाललेली. चाचानं दोर टाकला, मारुतीनं शेपूट धरलं, आणि बैल धप्पकन दाराच्या तोंडातच आडवा! पाय बांधले. ठाक ठाक सुरू झालं. बैलानं हंबरडा फोडला तशी मीटिंग बाहेर आली. बाहेर म्हणजे दारापर्यंतच, पुढं बैल!

आबासाहेब लालबुंद झाले. "उस्मान! ही कचेरी आहे! बैल पाडायची जागा आहे का ही?"

चाचानं तोंडातले खिळे हातात घेतले.

"न्हाई सायेब. जागा ही न्हाईच. आमची सावली तुमी कुटं ठिवलीया तेवडं सांगा, लगीच तितं जातो."

आणि पुढचा खिळा ठोकायला घेतला.