काकांची दुसरी निवडणूक

कुणी कौतुक केलं की काका माशी हाकलावी तसा हात हलवायचे आणि म्हणायचे, "छे हो, मी काय केलं? मी नुसता बसलेला असतो." अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. त्यांच्यावर माया करावी, पण त्यांना निवडणुकीला उभं करू नये.

मी केलं. आमचं गाव परदेशातलं, समुद्रकाठचं. इथे मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. चांगली मेथी हवी तर लांबचं सरे शहर गाठावं लागतं. काका मूळचे नागपूरचे, निवृत्त इंजिनिअर. इथल्या बंदराचा कारभार पाहणारं मंडळ गावकरी मतं देऊन निवडतात. काका एकदा निवडून आले होते आणि मासेमारीच्या छोट्या होड्यांचा धक्का त्यांनी हट्टाने राखला होता. निम्म्या मंडळाला तो श्रीमंतांच्या यॉटसाठी हवा होता. काकांची खुर्ची गेली की धक्का गेलाच, म्हणून प्रचार मी अंगावर घेतला.

उमेदवारांच्या सभेत कुणीतरी विचारलं, "मत तुम्हालाच का द्यावं?" मी घोकून घेतलेलं उत्तर काकांना आठवत होतं, पण म्हणवेना. आपल्या तोंडाने आपली स्तुती करायची नाही, हे हाडात मुरलेलं. ते शेजारी बसलेल्या प्रतिस्पर्धी शेरिलबाईंकडे वळले. "खरं सांगू? या माझ्यापेक्षा हुशार आहेत."

आपल्याकडे यावर चारजण "छे, तुमची सर कुणाला" म्हणाले असते. इथे लोकांनी ते खरं मानलं. शेरिलबाई निवडून आल्या.

निकालाच्या दिवशी मी तडकले. "काका, कॅम्पेनमध्ये समोरच्यालाच कुणी एन्डोर्स करतं का?"

"अगं, रीतीचं बोललो."

"तुमच्या रीतीपायी धक्का गेला."

त्यांचा पडलेला चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं.

पुढच्याच आठवड्यात शेरिलबाई त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुम्ही भर सभेत मला हुशार म्हणालात. मला तर बंदरातलं ओ की ठो कळत नाही. दाखवता?" काकांनी लगेच बूट चढवले. मग रोज सकाळी दोघं धक्क्यावर दिसू लागली, सोबत थर्मासमध्ये आल्याचा चहा. होडीवाले आपलं गाऱ्हाणं सांगत आणि बाई ऐकत. काका इतके खुशीत होते की माझाही राग निवळला.

मंडळापुढे धक्क्याचा ठराव आला तेव्हा काका माझ्याशेजारी, प्रेक्षकांच्या खुर्चीत होते. धक्का होड्यांकडेच राहावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा, असं अध्यक्ष म्हणाले. एकेक हात वर गेला. सगळ्यात शेवटी शेरिलबाईंचा. ठराव मंजूर झाला.

मी वळून पाहिलं, तर काकांचाही हात वर होता.

अध्यक्ष हसले. "सर, तुमचा मोजता येणार नाही."

"माहीत आहे," काका म्हणाले, आणि त्यांनी हात तसाच वर ठेवला.