पाडव्याला लावलेला मेपल

आमच्या ह्यांना मी अजून माफ केलेलं नाही, आणि इतक्यात करायचा विचारही नाही.

पुढच्या अंगणातलं जुनं झाड किडीने पोखरलं, कापावं लागलं. तेव्हापासून ती जागा बोडकी. मला तिथे शुगर मेपल हवा होता. इथे परदेशात, आमच्या ट्रॉय गावची थंडी त्याच्या अंगवळणी पडलेली. ह्यांना आवडला जपानी मेपल, लाल, नाजूक. बरं, तोही जगला असता. पण नर्सरीतली बाई म्हणाली होती, काचघरातलं रोप आहे, पानं फुटलीत, मे महिन्यातला मदर्स डे होईपर्यंत बाहेर लावू नका. हे म्हणाले, तिला काय कळतंय, पाडवा म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला. मार्च महिना, कुदळ जमिनीवर आपटून परत येत होती. तरी लावलंच, वर हळदकुंकू वाहिलं. तिसऱ्या दिवशी पानं उकडलेल्या पालकासारखी काळी पडून लोंबत होती.

झाड मेलं ते सोडा. पुढच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, सगळ्या मंडळींसमोर, हातात बटाटेवड्याची प्लेट घेऊन हे हसत हसत सांगतात, "हिने पाणी जास्त घातलं." लोक हसले. मी भात वाढत होते, वाढत राहिले. मला काय वाटलं ते ह्यांना कळलंसुद्धा नाही.

आणि या वर्षी मला न विचारता सिल्व्हर मेपल बुक करून आले. म्हणे भराभर वाढतो. वाढतो ना, आणि फांद्यांवर बर्फ साचला की मोडून गाडीवर पडतो. मी पुन्हा शुगर मेपलचं नाव काढलं.

"अगं, त्याची सावली पडेपर्यंत आपण असू का?"

"अहो, सावली कोणाला हवीय? मला एकदा माझ्या मनासारखं हवंय."

ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी मी किल्ली घेतली, स्वतः ड्राइव्ह करत नर्सरीत गेले, ती ऑर्डर कॅन्सल केली आणि शुगर मेपल घेतला. मेच्या मध्यावर दोन माणसं लावायला आली. "आज अमावास्या आहे," हे दारात उभं राहून दोनदा म्हणाले. मी त्या माणसांना म्हटलं, खणा.

आता झाड माझ्या खांद्याएवढं आहे. येणारे-जाणारे विचारतात, कोणी निवडलं? हे म्हणतात, आम्ही. मी तिथल्या तिथे सांगते, मी. ह्यांना वाईट वाटतं. वाटू दे.